चौथ्याची नोंद

ज्या साली कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली आणि फवारणी करणारी माणसं डोळे चोळत, ओकत आमच्या उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसू लागली, त्याच साली मला ऑफिसातून एक पत्र आलं. मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावात नर्स होते. गावासाठी ‘सिस्टर’. नोकरीला अठरा वर्षं झाली होती. मी राखीव जागेवर लागले होते आणि जातीचा दाखला दिला होता, पण जात पडताळणी करून घेतली नव्हती. आता तिचा प्रस्ताव तीन महिन्यांत दाखल करा, नाहीतर सेवा समाप्त, असं त्या पत्रात दोन ओळींत लिहिलं होतं. पत्रावरची सही इतकी घाईची होती की ती करणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीतच नसावं.

मी तशी भित्री बाई नाही. बैलगाडीत बाळंतपण केलंय, पुराच्या पाण्यातून लशींचा डबा डोक्यावर घेऊन गेलेय, दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना दवाखान्याबाहेर काढलंय. पण कागदापुढे माझं काही चालत नाही. माणसाशी भांडता येतं, कागदाशी काय भांडणार? नवरा दिग्रसला एका जिनिंगमध्ये कामाला होता. त्या साली कापूसच किडका निघाला, तेव्हा जिनिंग कधी चालू, कधी बंद. घर माझ्या नोकरीवर उभं होतं, आणि पत्र वाचल्यापासून मला जेवण जात नव्हतं.

पडताळणीसाठी बापाच्या बाजूच्या कोणाचा तरी पन्नास सालाच्या आधीचा, जात लिहिलेला कागद लागतो. बाबा शाळेत गेले ते त्यानंतर. आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. शेत नव्हतं, म्हणजे सातबारा नव्हता. आमच्या घराण्याचा कागदोपत्री जन्म, म्हणायचं तर, बाबांच्या शाळेच्या दाखल्यापासून झालेला. त्याच्या मागे काही नव्हतंच.

अशात तालुक्याच्या मीटिंगमध्ये एका दुसऱ्या सिस्टरने सांगितलं की जिल्ह्यातले जुने अभिलेख आता स्कॅन करून ऑनलाइन टाकलेत. कोतवाल बुकंसुद्धा. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवालाने दर आठवड्याला ठाण्यात जाऊन सांगायचं आणि मुन्शीने वहीत लिहायचं, तीच ही बुकं. नाव, जात, तारीख, कारण, सगळं त्यात असतं. मला एकदम धीर आला. कारण वणीकडच्या आमच्या मूळ गावचे कोतवाल माझे आजोबाच होते. पुढे दीक्षा घेतली तेव्हा समाजाने गावकीची कामं सोडली, तेव्हा त्यांनीही सोडलं. पण त्याआधीची पंधरा-वीस वर्षं त्या गावचे सगळे जन्म-मृत्यू त्यांच्याच तोंडून वहीत गेले होते. स्वतःच्या पोराची नोंद तो माणूस विसरणार होता थोडाच?

गावात नेटला रेंज नव्हती, म्हणून ड्युटी आटोपली की मी दुपारच्या एसटीने राळेगावला सेतू केंद्रात जायचे. केंद्रवाल्याच्या दोन्ही मुलांचे डोस मीच दिलेले, त्यामुळे त्याने मला कोपऱ्यातलं एक कॉम्प्युटर देऊन टाकलं. तालुका निवडा, गाव निवडा, साल निवडा, आणि मग ते पान हळूहळू वरून खाली उलगडायचं. पिवळं, कडेला उंदराने कुरतडलेलं, बोरूने लिहिलेलं. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘कोतवाल, निशाणी अंगठा’ आणि बाजूला एक काळा ठिपका. आजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तेव्हा मी त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं. न राहवून स्क्रीनवरच्या त्या अंगठ्याला हात लावला, तर केंद्रवाला म्हणाला, मॅडम, हा टच नाही, माउसने मोठं करा. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सापडलं. बापाच्या नावाच्या रकान्यात आजोबांचं नाव, जातीच्या रकान्यात आमची जात स्पष्ट लिहिलेली, पुढे ‘मुलगा’. तेव्हा बाळाचं नाव लिहायची पद्धत नव्हती. मी खुर्चीतून उठलेच. पण सालावर नजर गेली, तर ते बाबांच्या जन्माच्या सात वर्षं आधीचं होतं. पाच महिन्यांनी मृत्यूच्या पानावर पुन्हा आजोबांचं नाव होतं: मुलगा, वय पाच महिने, ताप. दोन वर्षांनी परत ‘मुलगा’, आणि वीस दिवसांनी मृत्यू. त्याच्या पुढे दीड वर्षाने तिसरा. तो नऊ महिने टिकला होता. कारण ‘हगवण’.

तिन्ही पानांच्या खाली तोच अंगठा.

मी स्वतः अर्भक मृत्यूचे रिपोर्ट भरते. मीटिंगमध्ये ते वाचून दाखवताना सगळे मान खाली घालून बसतात, आणि ते तर दुसऱ्यांचं बाळ असतं. हा माणूस पाच कोस चालत ठाण्यात गेला असेल, अमक्याच्या घरी मुलगी झाली, तमक्याची म्हातारी गेली, असं एकेक सांगत सांगत स्वतःच्या घरापर्यंत आला असेल आणि मुन्शीने विचारल्यावर कारणही सांगितलं असेल. मग अंगठा. असं तीनदा. बाबांनी मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं की त्यांच्या आधी तीन भाऊ होऊन गेले. कुठल्याही फॉर्मवर ते ‘एकुलता एक’ लिहायचे.

मग मी बाबांची नोंद शोधायला घेतली आणि तिथून माझी भीती खरी सुरू झाली. त्यांच्या सालात ती नव्हती. पुढच्या सालात नाही, मागच्या सालात नाही. पानं सगळी शाबूत होती, नंबर सलग होते, फक्त आमच्या घरी त्या सालात कोणी जन्मलंच नव्हतं. स्वतः कोतवालाच्या घरचं पोर आणि बुकात नाही! मग बाबा कोणाचे? कोणी आणून टाकलेले, की कोणाकडून घेतलेले? आणि मग मी कोण?

केंद्रवाल्याला यातलं काही दिसलं नाही. तो उलट खूश झाला. म्हणाला, वडिलांची नोंद नसली तरी चालते, आजोबांच्या कोणत्याही लेकराची जातीसकट नोंद पुरते. वंशावळ काढा, आजोबांची सगळी मुलं त्यात दाखवा, तीन मयत आणि चौथे तुमचे वडील, आणि वडिलांनी तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र करायचं की हे खरं आहे. झालं काम. त्याने लगेच कागदावर वंशावळ काढूनही दिली. वर आजोबा, खाली एक आडवी रेघ, रेघेला चार फाटे. मी प्रिंट घेतली आणि पाचची गाडी पकडली.

बाबा माझ्याकडेच राहायचे. आई गेल्यावर मी त्यांना वणीहून क्वार्टरवर आणलं होतं. तीस वर्षं ते जमिनीच्या पोटात कोळसा काढत होते. एकदा छत बसलं तेव्हा ते सात तास अंधारात अडकून होते आणि बाहेर येऊन त्यांनी आधी चहा मागितला, असं त्यांचे सोबती सांगायचे. कोणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की ते स्वतः तोडून फेकायचे. माझ्या सासूने माझ्या मुलाला काळा दोरा बांधला, तेव्हा तर त्यांनी दीक्षेपासून सुरू करून तासभर भाषण दिलं होतं.

ते खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी वंशावळ त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. वरचं नाव वाचलं, बोट खाली आणलं, रेघेवरून फिरवलं आणि चौथ्या फाट्याजवळ ते बोट थांबलं. मग त्यांनी तो कागद असा ढकलला की शेंगा अंगणभर झाल्या.

“मले त्याइच्या रांगीत काहून बसवलं?” ते म्हणाले. “कोनं सांगतलं तुले?”

बाबांचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. मी घाबरले, आणि मी घाबरले की चिडते. म्हटलं, बाबा, तुम्ही अख्ख्या गावाला अंधश्रद्धेवर भाषणं देता आणि एका कागदाला भिता? माझी नोकरी जाईल. त्यांनी शेंगा उचलल्या नाहीत. खूप वेळाने त्यांनी सांगायला सुरुवात केली, तेही माझ्याकडे न बघता.

तिसरं पोर गेल्यावर आजी सुन्न झाली होती. बाबांच्या वेळी बाळंतपणाला टेकडीवरच्या पोडातली, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, सुईण आली. तिनेच तोडगा सांगितला. पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, तिने वाटेने जाताजाता सापडल्यासारखं उचलायचं आणि पोडात घेऊन जायचं. मग पायलीभर ज्वारी देऊन आजीने ते तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे पोर आपलं नाहीच, विकतचं, त्याच्या वाटेला कोणी जाणार नाही. हे असं पूर्वी खूप घरी करायचे. संध्याकाळपर्यंत पोर परत घरी, आणि मोठं झाल्यावर त्यालाच चिडवायचे की तुला ज्वारीवर घेतलाय. माझ्या हद्दीतल्या म्हाताऱ्याही असं सांगून हसतात.

पण आजोबा कोतवाल होते. त्यांच्या डोक्यात दुसरंच बसलं होतं. पहिलं पोर झालं, त्यांनी आठ दिवसांत ठाण्यात सांगितलं, ते गेलं. दुसरं सांगितलं, गेलं. तिसरंही. आपणच आपल्या तोंडाने लेकरांचा पत्ता देतो आणि मग ती उचलली जातात, असं त्यांच्या मनाने घेतलं. म्हणून चौथ्या वेळी ते ठाण्यात गेले, गावातले सगळे जन्म सांगितले आणि आपला मुलगा त्या सुईणीच्या घरी झाला म्हणून लिहवून आले. आजीला आणि सुईणीला सोडून कोणालाच ते माहीत नव्हतं. बाबांना कळायला लागल्यावर आजीने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं की त्या तिघांच्या खाली कधी नाव लिहू द्यायचं नाही.

“मी मानत नाई असं काई,” बाबा म्हणाले. “पन मायच्या डोळ्यात पानी पायलं होतं ना मी. माय म्हने, त्या तिघाइच्या खाली तुयं नाव लागलं का नेनाऱ्याले समजन, एक राह्यला म्हनून.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा राळेगावला गेले. पोडाच्या नोंदी त्याच बुकात होत्या. सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बाबांच्या जन्माची तारीख, ‘मुलगा’, बापाच्या जागी त्या सुईणीच्या नवऱ्याचं नाव, जातीच्या जागी कोलाम. खाली आजोबांचा अंगठा जरा पसरलेला. शाई जास्त लागली असेल, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बाबा आमचेच होते. ती एक भीती गेली. पण त्या पानाकडे बघताना मला आजोबांची भीती वाटायला लागली, म्हणजे त्यांना तेव्हा वाटली असेल ती. सरकारी नोकराने सरकारी वहीत खोटं लिहवलं होतं. कोणी चुगली केली असती तर कोतवालकी गेली असती, वर फटके. मी अठरा वर्षं बायांना जन्मतारखा खोट्या सांगता म्हणून रागावत आले होते.

मी पळवाटाही शोधल्या. वंशावळीत एकच मयत दाखवला तर? तीन नाही, एकच. केंद्रवाला म्हणाला, करू नका मॅडम, पडताळणी समितीवाले बुकं स्वतः तपासतात, बाकीचे दोन सापडले की माहिती लपवली म्हणून तुमच्यावरच गुन्हा. बाबांना वगळून तर वंशावळ होऊच शकत नव्हती. माझं नावच त्यांच्या खाली लागत होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी आठवू नये म्हणते, पण आठवतात. ओट्यावर रोज कोणीतरी यायचं, पंप पाठीवर घेऊन वाऱ्याच्या तोंडावर फवारलेलं. कपडे काढा, साबणाने आंघोळ घाला, हे ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. एका दुपारी एक जण आला, त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालेपर्यंत त्याची नजर ठरत नव्हती. त्याला यवतमाळला रवाना करून मी क्वार्टरवर आले, तर खाटेवर बाबा नव्हते. चपला होत्या, काठी होती, बाबा नव्हते. मी हाक मारायलाही विसरले. विहिरीकडे धावले, वाकून पाण्यात पाहिलं, मग मागे टाकीकडे. तिथे ते आपलं धोतर पिळत उभे होते. मला धापा टाकताना पाहून त्यांनी विचारलं, काय झालं? मी काहीच नाही म्हटलं. पण मला कळून चुकलं होतं. मी त्यांचं नाव त्या रेघेखाली नुसतं छापून आणलं होतं, अजून सहीही झाली नव्हती, आणि मी, बीपीच्या गोळ्या वाटणारी, शाळेत विज्ञानाच्या गोष्टी सांगणारी बाई, विहिरीत बापाला शोधून आले होते.

त्या दिवशी मी तो कागद ट्रंकेत टाकला. नवऱ्याला फोनवर सांगितलं की माझ्याच्याने होत नाही. तो म्हणाला, म्हाताऱ्याला त्रास नको देऊ, बघू काय होते ते. बघू म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाबांना मी परत एका शब्दानेही विचारलं नाही. मुदतीला नऊ दिवस उरले होते. मी ताटावर बसायचे आणि भाकरी मोडून तशीच ठेवायचे. बाबा समोर बसून माझ्या ताटाकडे बघायचे.

मुदतीला चार दिवस असताना सकाळी ते आंघोळ करून पांढरा सदरा घालून दारात उभे होते. ट्रंक त्यांनीच उघडली होती, कागद त्यांच्याच पिशवीत होता. “चाल राळेगावले,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, बाबा, नको. ते एसटीच्या थांब्याकडे चालायलाही लागले. गाडीत ते खिडकीशी बसले आणि दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून ठेवला, रस्ता चांगला होता तरी.

तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्रांची रांग मोठी होती. आमचा नंबर आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. टेबलावरचा बाबू कंटाळलेला होता, पण काम नीट करणारा. नियमाप्रमाणे तो वंशावळ मोठ्याने वाचून खात्री करून घेत होता. आजोबांचं नाव वाचलं, कोतवाल होते का, विचारलं. बाबांनी मान डोलावली. मग तो पेन एकेका फाट्यावर ठेवत गेला.

पहिला मुलगा? मयत, बाबा म्हणाले. दुसरा? मयत. तिसरा? मयत. प्रत्येक वेळी बाबूने त्या फाट्यापुढे एक टिक केली, आणि प्रत्येक टिकेबरोबर बाबांचा आवाज खाली गेला. मग बाबूने पेन पुढच्या फाट्यावर ठेवलं आणि वर न बघता विचारलं, “चौथा?”

बाबांनी टेबलाची कड धरली. मागचे लोक पुढे सरकले. बाबूने पुन्हा विचारलं. मला वाटलं, आता हे इथेच पडणार. मला सगळं एकदम दिसलं, तो ॲम्ब्युलन्समधला माणूस, ते विहिरीतलं पाणी, आणि मी हात पुढे करून तो कागद ओढला. म्हटलं, साहेब, राहू द्या, आम्हाला करायचं नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, असं मी मोठ्याने म्हटलं की नुसतंच मनात, ते आता आठवत नाही.

बाबांनी कागदावर तळहात ठेवला.

“चौथा मी होय,” ते म्हणाले. “जित्ता हाय. लिहून घ्या.”

बाबूने टिक केली. बाबांनी तीन ठिकाणी सही केली, आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, पूर्ण, एकेक अक्षर सोडवून. शिक्का बसला. पुढच्या माणसाने आम्हाला बाजूला सारलं.

बाहेर स्टॅम्पवाल्यांच्या बाकावर आम्ही बसलो. ऊन चांगलं होतं, तरी बाबांना हुडहुडी भरली होती. मी पदर त्यांच्या खांद्यावर टाकला. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. ते समोरच्या सायकलींकडे बघत म्हणाले, “माय भेली होती, तवा बापानं मले लिहू देलं नाई. आता तू भेली, म्हून मी लिहून आलो.”

मी त्यांचं मनगट हातात घेतलं. एरवी मी नाडी बघायला गेले की ते हात झटकून टाकायचे, मला काय रोग झाला म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी हात तसाच माझ्या मांडीवर राहू दिला. नाडी फार जोरात चालली होती. मी घड्याळाकडे बघत मोजायला लागले, मध्येच आकडा चुकला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.